नोंद बिघाडाआधीची

‘काल तर चालत होते’ हे संगणक क्षेत्रात सर्वाधिक उच्चारले जाणारे वाक्य असावे. पुण्याच्या हिंजवडीत काय किंवा नागपूरच्या मिहानमध्ये काय, रात्री आपोआप सुरू झालेले ‘बिल्ड’ सकाळी येऊन पाहावे तर अर्ध्या वाटेवर थांबलेले असते. रात्रीतून नेमके काय बदलले, हे कोणालाच सांगता येत नाही. आपण कशालाही हात लावलेला नाही, असे प्रत्येक जण सांगतो आणि गंमत म्हणजे बहुतेकांचे म्हणणे खरेही असते. अशा वेळी रात्रभर जागा असलेला साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे बिल्डचा लॉग. तो बोलका असेल तर दोष दहा मिनिटांत सापडतो. मुका असेल तर दोन-तीन दिवस सहज जातात, आणि मग दोष सापडतो तोही पुष्कळदा नशिबानेच.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. प्रोग्रामर जे लिहितो तो माणसाला वाचता येईल असा मजकूर असतो. त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करायचे, इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्रऱ्या त्याला जोडायच्या, चाचण्या घ्यायच्या आणि शेवटी ग्राहकाच्या हाती देता येईल असे पुडके बांधायचे, या साऱ्या क्रमाला मिळून बिल्ड म्हणतात. हा क्रम दर वेळी हाताने पाळणे कटकटीचे आणि चुकांना आमंत्रण देणारे असते. म्हणून बेल लॅबमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ नावाचे साधन तयार केले आणि ही कामे यंत्रावर सोपवण्याचा प्रघात पडला. आज एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या एकाच बिल्डमध्ये हजारो आज्ञा चालतात. त्यांतली प्रत्येक आज्ञा आधीच्या कशावर तरी अवलंबून असते आणि त्यातले बरेचसे त्या प्रकल्पाच्या बाहेरचे असते. कंपायलरची आवृत्ती, इंटरनेटवरून उतरवून घेतलेली लायब्ररी, सर्व्हरवर उरलेली जागा, एवढेच काय घड्याळातली वेळसुद्धा. या आज्ञा चालत असताना यंत्राने लिहीत गेलेली रोजनिशी म्हणजे लॉग.

रोजनिशी लिहिली जाते खरी, परंतु बहुतेक ठिकाणी ती अगदीच त्रोटक असते. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून आजची अनेक साधने प्रत्यक्ष चालवलेली आज्ञा दाखवतच नाहीत. काम किती टक्के झाले एवढेच दाखवतात. बिल्ड फसले की ‘मेक’चे शेवटचे वाक्य असते, ‘एरर २’. या वाक्याची किंमत मृत्यूच्या दाखल्यावरील ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ या शब्दांइतकीच समजावी. हृदयक्रिया अखेर प्रत्येकाचीच बंद पडते. काम थांबले हे त्यातून कळते, का थांबले ते कळत नाही.

ही उपमा केवळ शोभेसाठी घेतलेली नाही. काय घडत गेले याची नोंद परिणाम कळण्याआधी, जागच्या जागी आणि सरसकट सर्वांचीच ठेवली तर त्यातून काय निघू शकते, याचा महाराष्ट्रातील एक अत्यंत भक्कम पुरावा कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीत नाही. तो गडचिरोली जिल्ह्यातील गावांमध्ये, कागदी तक्त्यांवर, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांनी उभा केलेला आहे. तान्ह्या मुलाचा जीव आणि अडलेले बिल्ड यांची बरोबरी अर्थातच होऊ शकत नाही. दोष शोधण्याची रीत मात्र एकच आहे, आणि ती तेथे जितक्या काटेकोरपणे पाळली गेली तितकी ती संगणकाच्या कचेऱ्यांत क्वचितच पाळली जाते. म्हणून ती जरा तपशिलाने पाहणे योग्य ठरेल.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. दाट जंगल, विरळ वस्ती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि बहुतांश बाळंतपणे घरीच, अशी तेव्हाची स्थिती होती. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत १९८६ पासून येथे काम सुरू केले. जन्मल्यानंतर काही दिवसांतच दगावलेल्या मुलाचे दप्तरी अस्तित्वच नसे. जन्माचीही नोंद नाही आणि मृत्यूचीही नाही. सरकारी आकडे आणि गावातली वस्तुस्थिती यांत किती अंतर असते, हे पुढे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यासमोर मांडले आणि विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत त्याची चर्चा झाली. परंतु मृत्यू मोजणे ही निम्मीच गोष्ट झाली. मूल का गेले, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर शोधण्याची रूढ पद्धत म्हणजे मृत्यूनंतर घरी जाऊन आईला आणि घरच्यांना विचारणे. ताप होता का, दूध कधीपासून सोडले, श्वास कसा चालला होता. या पद्धतीचा उपयोग आहे आणि पुष्कळदा दुसरा मार्गही नसतो. पण तिच्यात एक खोट आहे. शेवट ठाऊक झाल्यावर माणूस मागच्या गोष्टी त्या शेवटाला जुळतील अशाच आठवतो. जे नजरेत भरले ते मोठे होते, जे साधे वाटले होते ते विसरले जाते, आणि वार, वेळ, क्रम यांचा तर पत्ताच नसतो. शिवाय या पद्धतीत फक्त गेलेल्या मुलांबद्दल विचारले जाते. जगलेल्या मुलांचे काय झाले होते हे कोणीच विचारत नाही.

एप्रिल १९९५ ते मार्च १९९६ या वर्षी गडचिरोलीच्या ३९ गावांत याच्या नेमके उलट केले गेले. नवजात बालकांसाठी घरच्या घरी उपचारांचा पूर्ण कार्यक्रम अजून सुरू व्हायचा होता. आधी नीट पाहायचे, असे ठरले होते. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहायचे, मूल जन्मताच रडले का ते पाहायचे, त्याचे वजन करायचे, आणि पुढे महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन तेच तेच पुन्हा तपासायचे. अंग तापलेले की थंड, मिनिटाला श्वास किती, मूल अंगावर नीट ओढते का, रडणे जोरकस की क्षीण, हातपाय ताठ की लुळे, बेंबी कोरडी की चिघळलेली. हे सारे छापील तक्त्यावर तिथल्या तिथे लिहायचे. वरून डॉक्टर ठराविक काळाने येऊन तक्ते तपासत असत.

या नोंदींत एक गोष्ट मुद्दाम पाळली गेली. आरोग्यदूताने दिसले ते लिहायचे, निदान लिहायचे नाही. ‘न्यूमोनिया’ असा शब्द नोंदीत येत नसे. श्वासांची संख्या येत असे. निदान पुढे, ठरवून दिलेल्या व्याख्या लावून होत असे. त्यामुळे एखादी व्याख्या नंतर चुकीची वाटली तर ती बदलून जुन्या नोंदी पुन्हा तपासणे शक्य राहिले. ज्याने निष्कर्षच लिहून ठेवला, त्याला ही सोय उरत नाही.

अशा तऱ्हेने ७६३ बालकांचा पहिला महिना कागदावर उतरला. त्यांपैकी ४० दगावली. त्यांच्या नोंदी नवजात शिशुतज्ज्ञाने वाचल्या आणि मृत्यूचे प्रमुख कारण ठरवले. २१ मृत्यू जंतुदोष किंवा न्यूमोनियाने, ८ जन्मताच श्वास कोंडल्याने, ६ अगदी अपुऱ्या दिवसांचे असल्याने. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यूंचे कारण असे होते, ज्यावर प्रतिजैविकांचा उपचार उपलब्ध होता. आणखी एक आकडा या तक्त्यांतून बाहेर आला: निम्म्याहून अधिक, ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि डॉक्टरपर्यंत पोहोचली होती फक्त २.६ टक्के.

पण खरी किमया केली ती जगलेल्या ७२३ बालकांच्या नोंदींनी. दर शंभरांतली ४२ बालके कमी वजनाची जन्मली होती. केवळ मृत्यूच पाहिले असते तर दगावलेल्यांत कमी वजनाची मुले भरपूर दिसली असती, आणि मातांचे पोषण सुधारेपर्यंत करण्यासारखे काही नाही, असा निराश निष्कर्ष निघाला असता. तो काही चुकीचा वाटलाही नसता. जगलेल्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर मात्र कळले की कमी वजनाची पुष्कळ मुले तग धरतात. बहुतेक मृत्यूंत एकापेक्षा अधिक तक्रारी एकत्र आल्या होत्या. अपुरे दिवस किंवा कमी वजन, त्यावर जंतुदोष, त्यात थंडी, त्यात दूध न ओढणे. ही साखळी कुठेही तोडता आली तर मूल वाचू शकते. वजन एका वर्षात बदलता येत नाही. जंतुदोषावर इंजेक्शन देता येते, अंग उबदार ठेवता येते.

पुढे याच नोंदींच्या परंपरेतून जंतुदोष ओळखण्याचा एक सोपा नियमही तयार झाला. दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे किंवा बंद होणे, हातपाय लुळे पडणे, उलटी किंवा पोट फुगणे, अंग थंड लागणे, श्वासाबरोबर छाती खोल आत ओढली जाणे, बेंबी पिकणे, या सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की उपचार सुरू करायचे. एकटे लक्षण फसवे असू शकते. दोन एकत्र आली की प्रकरण वेगळे.

१९९६ पासून आरोग्यदूतांनी घरोघरी उपचार सुरू केले. या ३९ गावांत १९९३-९५ या काळात हजार जन्मांमागे ६२ बालके पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांतही जन्म-मृत्यूंची मोजदाद तितक्याच काळजीने चालू होती आणि तेथे फारसा फरक पडलेला नव्हता, म्हणून या घटीचे श्रेय पाऊसपाण्याला किंवा योगायोगाला देता आले नाही. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरपोच नवजात बाळ-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि देशभरातल्या आशा कार्यकर्तींच्या हाती तक्ता गेला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही.

नोंदीसाठी लिहिता आलेच पाहिजे असेही नाही, हे जाता जाता सांगायला हवे. न्यूमोनियाच्या आधीच्या कार्यक्रमात अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी ‘सर्च’ने मण्यांचे श्वासमापक केले होते. वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोजणी डोक्यात ठेवावी लागत नसे, ती मण्यांवर राहात असे.

आता बिल्डकडे परत येऊ. गडचिरोलीच्या तक्त्यांतून जे शिकायचे, त्यातले पहिले आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे यशस्वी बिल्डचा लॉग जपणे. बहुतेक ठिकाणी हिरवा दिवा लागला की लॉगकडे कोणी ढुंकून पाहात नाही आणि जागा वाचवण्यासाठी तोच आधी पुसला जातो. मग लाल दिवा लागतो तेव्हा फसलेल्या बिल्डचा लॉग हाती असतो, पण तो कशाशी ताडून पाहायचा? त्यात शंभर धोक्याच्या सूचना दिसतात. त्यांतल्या नव्व्याण्णव कालही होत्या आणि काल बिल्ड व्यवस्थित झाले होते. हे ठाऊक नसलेला माणूस त्या नव्व्याण्णव सूचनांमागे धावत बसतो. कालचा आणि आजचा लॉग शेजारी ठेवून पहिली वेगळी ओळ कोणती, एवढे पाहिले तर पुष्कळदा काम तिथेच संपते.

याचे उत्तम उदाहरण युनिक्स परंपरेतील मुक्त सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांना पाठ असते. बिल्ड सुरू होण्याआधी ‘कॉन्फिगर’ नावाची आज्ञा यंत्र चाचपून पाहते आणि प्रत्येक चाचणीचा तपशील ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलमध्ये लिहिते. सुरुवातीला यंत्राची कुंडली, मग एकेक प्रश्न, त्यासाठी चालवलेली आज्ञा आणि आलेले उत्तर. ही फाइल फार प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच नवख्याला घाबरवते. ‘एरर’ हा शब्द शोधावा तर तो ठिकठिकाणी सापडतो. कारण अमुक सोय या यंत्रावर आहे का, हे पाहण्यासाठीच कित्येक चाचण्या मुद्दाम केलेल्या असतात आणि त्या अयशस्वी होणे स्वाभाविक असते. बिघाड कोणता आणि नित्याचे अपयश कोणते, हे निरोगी यंत्रावरची तीच फाइल पाहिल्याशिवाय कळत नाही.

काहीच घडले नाही याचीही नोंद लागते, ही गोष्ट चंद्रपूरकरांना ताडोबामुळे परिचित असावी. वाघांची संख्या अंदाजण्यासाठी जंगलात बसवलेले कॅमेरे प्रत्येक छायाचित्रावर दिवस आणि वेळ टिपतात, आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो. पण केवळ छायाचित्रांवरून गणित सुटत नाही. कोणता कॅमेरा किती रात्री सुस्थितीत चालू होता, हेही माहीत असावे लागते. त्याविना रिकामी रात्र म्हणजे वाघ आला नाही की कॅमेरा बंद होता, हे कसे ठरवणार? लॉगमधल्या मौनाचेही तसेच आहे. चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून ओळ नाही, की चाचणी चाललीच नाही म्हणून ओळ नाही? दुसरी शक्यता अनेकांना फार उशिरा सुचते.

दुसरी गोष्ट क्रमाची. शेवटची चूक क्वचितच मूळ चूक असते. एक फाइल तयार झाली नाही, म्हणून तिच्यावर अवलंबून असलेल्या पन्नास फसल्या आणि पडद्यावर उरली ती पन्नासावी. लॉग खालून नव्हे, वरून वाचावा, असे जुने जाणते सांगतात ते याचसाठी. मात्र आज एकाच वेळी आठ-सोळा आज्ञा समांतर चालतात आणि त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. गर्दीत चार जण एकदम बोलावेत तसे होते. ‘मेक’च्या २०१३ साली आलेल्या ४.० आवृत्तीत प्रत्येक कामाचे बोलणे एकत्र बांधून दाखवण्याची सोय झाली, पण ती मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. ती नको असेल तर निदान प्रत्येक ओळीवर वेळेचा शिक्का हवा. वेळ असली की आणखी एक फायदा होतो. रोज चार मिनिटांत होणारे काम आज चाळीस मिनिटे चालले, ही कोणत्याही त्रुटीसंदेशात न लिहिलेली बातमी आपोआप मिळते.

तिसरी गोष्ट निदान आणि निरीक्षण वेगळे ठेवण्याची. बिल्ड चालवणाऱ्या आज्ञावलीत एखादा उत्साही प्रोग्रामर अशी सोय करून ठेवतो की काहीही फसले तर ‘नेटवर्कमध्ये अडचण, पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश यावा. त्याच्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा तेच कारण होते. दहाव्या वेळी डिस्क भरलेली असते, आणि तो सुबक संदेश पाहून दोन माणसे दिवसभर राउटर तपासतात. मूळ यंत्राने काय म्हटले ते शब्दशः, आज्ञा पूर्ण, परतलेला आकडा जसाच्या तसा. त्याखाली हवे तर स्पष्टीकरण द्यावे. त्याऐवजी कधीही देऊ नये.

चौथी गोष्ट म्हणजे जन्माच्या वेळचे वजन. प्रत्येक बिल्डच्या आरंभी, ते फसण्याचा प्रश्नही उद्भवलेला नसताना, काही साध्या गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत: कोणत्या यंत्रावर, मूळ मजकुराची कोणती आवृत्ती, कंपायलर कोणता, पर्यावरणात कोणते घटक नेमलेले आहेत, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक लायब्ररीचा नेमका आकडा. ‘सर्वांत नवी आवृत्ती घ्या’ असे लिहिलेल्या प्रकल्पात रात्रीतून लायब्ररी बदलते आणि कोणीही हात न लावता बिल्ड मोडते. सुरुवातीच्या ‘काल तर चालत होते’ या कोड्याचे सर्वाधिक वेळा निघणारे उत्तर हेच.

या नोंदीची किंमत फक्त बिल्डपुरती नसते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या जावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत गंभीर पळवाट उघड झाली. जगभरच्या बँका, रुग्णालये आणि सरकारी खाती यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला, आपल्या कोणत्या प्रणालीत ती लायब्ररी आहे आणि कोणत्या आवृत्तीची? प्रत्येक बिल्डमध्ये काय गेले हे लिहून ठेवलेले असेल, तर हा प्रश्न शोधयादीचा होता. नसेल, तर तयार पुडकी एकेक उलगडून पाहण्याचा. अशा घटकयाद्यांबाबत भारतातही सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तांत्रिक मार्गदर्शिका काढली. मुक्त सॉफ्टवेअरच्या डेबियन प्रकल्पाने याहून पुढचे पाऊल २०१३ पासूनच टाकायला सुरुवात केली होती. तोच मजकूर आणि तेच पर्यावरण दिले तर कोणालाही, कुठेही, अक्षरशः तेच पुडके मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यासाठी बिल्डच्या वेळी कोणती साधने हजर होती याची यादी पुडक्यासोबत वेगळ्या फाइलमध्ये ठेवली जाते.

सर्व काही लिहा, हा सल्ला मात्र डोळे मिटून पाळण्यासारखा नाही. बिल्डला सर्व्हरचे परवलीचे शब्द आणि गुप्त किल्ल्या वापराव्या लागतात, आणि अति बोलका लॉग त्याही बोलून जातो. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरील २३ हजारांहून अधिक प्रकल्पांत वापरले जाणारे एक छोटे साधन कोणी दुष्ट हेतूने बदलले. त्या बदलाने काय केले, तर यंत्राच्या स्मृतीतील गुप्त किल्ल्या शोधून बिल्डच्या लॉगमध्ये छापल्या. जे लॉग सर्वांना खुले होते, ते चोराने निवांत वाचावेत इतके सोपे काम. तेव्हा काय लिहायचे याइतकेच काय झाकायचे हेही आधी ठरवावे लागते, आणि झाकलेले झाकले जाते ना, हे अधूनमधून तपासावेही लागते.

आणि लॉग किती दिवस ठेवायचा? गिटहबसारख्या सेवेवर ठरावीक मुदत ९० दिवसांची असते. स्वतःच्या सर्व्हरवर तर डिस्क भरली की जुने उडवायचे, एवढाच नियम असतो. ग्राहकाकडे पोहोचलेले सॉफ्टवेअर मात्र पाच-सात वर्षे चालते. बिघाड दुसऱ्या वर्षी दिसला तर त्याच्या जन्माची नोंद केव्हाच रद्दीत गेलेली असते. निदान ज्या बिल्डमधून प्रत्यक्ष ग्राहकाला पुडके गेले त्याचा लॉग त्या पुडक्याच्या आयुष्यभर ठेवावा, हा साधा नियम पुरेसा आहे. मजकूर दाबून साठवला तर त्याला फारशी जागाही लागत नाही.

लॉग खोटे बोलत नाही, असेही मानण्याचे कारण नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या लिनक्सवरील फाइली दाबून साठवण्याच्या साधनात चोरवाट सापडली. ती मूळ मजकुरात सरळ लिहिलेली नव्हती. चाचण्यांसाठी ठेवलेल्या निरुपद्रवी वाटणाऱ्या फाइलींत ती दडवली होती आणि बिल्ड चालू असतानाच, तेही विशिष्ट पद्धतीने पुडके बांधले जात असेल तरच, बाहेर येऊन प्रोग्राममध्ये मिसळत होती. बिल्ड निर्धोक पार पडे. ती उघडकीस आणली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. तो दुसऱ्याच कामासाठी यंत्राचा वेग बारकाईने मोजत होता, तेव्हा दूरच्या यंत्रात शिरायला जवळपास अर्धा सेकंद जादा लागतो आहे असे त्याच्या ध्यानात आले. इतका क्षुल्लक विलंब दुसऱ्या कोणी सोडून दिला असता. पण त्याला आणखी एक गोष्ट आठवली. काही आठवड्यांपूर्वी, लिनक्सची काही पुडकी अद्ययावत झाल्यावर, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत स्मृती तपासणाऱ्या साधनाने एक विचित्र तक्रार केली होती. तेव्हा तिचा अर्थ लागला नव्हता. चाचण्या नेहमीप्रमाणे पुढे चालू राहिल्या होत्या. ती तक्रार मात्र त्याच्या नजरेखालून गेली होती.